माघातली फुलझाडे ओळखा : कोणते अंगणात, कोणते दावणीपासून दूर

माघ सरत आला की आपल्या नगर जिल्ह्यात रानाचा रंग उडू लागतो. ज्वारी काढणीला येते, हरभऱ्याचे घाटे वाळतात, बांधावरचे गवत पिवळे पडून मोडून जाते. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेरकडच्या माळावर तर शेळीला दातात धरायला हिरवी काडी मिळत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत अंगणात, विहिरीच्या कडेला, सडकेला काही झुडपे फुलांनी भरून उभी असतात. बघून डोळे निवतात. पण वाचकहो, क्षणभर थांबून स्वतःला विचारा, सारे रान चरून साफ झाले तरी हे झुडूप हिरवे कसे राहिले? पुष्कळदा उत्तर एवढेच असते की जनावर त्याला तोंड लावत नाही. जनावराला कळते, पण उपाशी जनावराला कळत नाही, आणि आपण वैरण म्हणून समोर टाकले तर त्याचा आपल्यावर विश्वास असतो.

आमच्या भावकीतली गोष्ट सांगतो. रस्त्याच्या मधल्या पट्टीत लावलेली कण्हेर छाटून फांद्या कडेला टाकलेल्या होत्या. पाला हिरवागार दिसला म्हणून आमच्या एका चुलत्यांनी सायकलवर भारा बांधून घरी आणला. शेळ्यांनी ताज्या पाल्याला नुसते नाक लावले आणि मान फिरवली. चुलते म्हणाले, भूक लागली की खातील. पाला रात्रभर गोठ्यात पडून सुकला. सुकल्यावर त्याची कडवट चव कमी होते, विष मात्र तसेच राहते. दुसऱ्या दिवशी शेळ्यांनी तो खाल्ला आणि सांजेपर्यंत दोन गाभण शेळ्या गेल्या. घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. म्हणून हा लेख.

तर आधी कण्हेर नीट ओळखू. पाने लांब, भाल्याच्या पात्यासारखी, चामड्यासारखी जाड. एका पेऱ्यावर बहुधा तीन-तीन पाने निघतात, ही सर्वांत सोपी खूण. पानाच्या मधोमध ठसठशीत शीर असते. फुले गुलाबी, लाल किंवा पांढरी, फांदीच्या शेंड्याला झुबक्याने येतात. पुढे लांब शेंगा धरतात आणि त्या उकलल्या की केसाळ बी उडते. या झाडाचे पान, फूल, साल, मूळ, सगळेच विषारी आहे. ते विष हृदयावर काम करते. मोठ्या जनावरालासुद्धा मूठभर पाने पुरे होतात. लाळ गळणे, पातळ शेण, पोटदुखी, अडखळते ठोके आणि मग जनावर कोसळते. पाने गळून पडलेल्या हौदाचे पाणीही पाजू नये.

इथे आमच्या भगिनींना एक विनंती. महाशिवरात्र याच सुमारास येते आणि महादेवाला कण्हेर वाहण्याची आपली रीत आहे. फुले जरूर वाहा. पण दुसऱ्या दिवशी ते निर्माल्य भक्तिभावाने गाईपुढे टाकू नका. बेल वेगळा काढा, कण्हेर खड्ड्यात पुरा.

पिवळ्या फुलांच्या बाबतीत घोटाळा फार होतो, कारण दोन निरनिराळ्या झाडांना लोक 'पिवळी घंटा' म्हणतात. एक आहे बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. तिची पाने अरुंद, चकचकीत, एकेकटी आणि फांदीभोवती दाट असतात. पान तोडले की पांढरा चीक भळभळून येतो. फळ हिरवे, कोनेदार, आत टणक बी. मुले त्या बिया खेळायला वेचतात, आणि हीच मोठी काळजीची गोष्ट आहे, कारण बिट्टीचे बी माणसाच्या जिवावर बेतते. दुसरे आहे रोपवाटिकेत मिळणारे टेकोमा. त्याचे पान एकसंध नसते, एका देठावर कडेला दाते असलेल्या अनेक पानांची जोडी-जोडीने मांडणी असते, चीक येत नाही आणि फळाऐवजी बारीक लांब शेंगा लोंबतात. घराजवळ पिवळे फूल हवेच असेल तर टेकोमा लावा. दारात लहान मुले असतील तर बिट्टी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पांढरी कण्हेर आणि तगर यांतही गल्लत होते. तगरीच्या पाकळ्या चक्रीसारख्या एका बाजूला वळलेल्या असतात आणि पाने रुंद, समोरासमोर येतात. एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, ती मुळात अमेरिकेकडची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साहेबांनी ती बागेची शोभा म्हणून या देशात आणली आणि आज ती डोंगर, ओढे, पडीक रान अडवून बसली आहे. कॅनॉलच्या ओलीवर ती हिवाळाअखेरीसही फुलते. खोड चौकोनी, त्याला बारीक काटे, पान खरखरीत आणि चुरगाळले की उग्र वास. एकाच गुच्छात दोन-तीन रंग दिसतात, कारण फूल उमलताना पिवळे असते आणि जुने होताना नारिंगी, लाल किंवा गुलाबी होते. ही खाल्ली तर जनावराचे यकृत बिघडते. रवंथ थांबते, शेण घट्ट होते, डोळे पिवळे पडतात आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी होऊन सोलते. संकरित गाईच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हे आधी दिसते. अशी गाय आधी सावलीत बांधा.

ओढ्याकाठच्या बेशरमीची फुले फिकट जांभळी, नरसाळ्यासारखी, पाने बदामी आकाराची. तिचे विष हळू चढते. आणि विचित्र म्हणजे शेळीला एकदा तिची गोडी लागली की ती दुसरा चारा सोडून तिच्याकडेच धावते, वाळत जाते, चालताना झोकांड्या खाते.

आता जरा मनाला उभारी देणारे. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या, रतनगडाच्या वाटेने या दिवसांत गेलात तर धायटी पाहाल. पाने बरीचशी झडलेली आणि लांबच लांब फांदीला तांबड्या नळीदार फुलांचे घोसच घोस. पानाच्या मागच्या अंगाला काळे बारीक ठिपके असतात. मुले फूल उपटून मध चोखतात, त्यात काही धोका नाही. वैद्य आसवे-अरिष्टे मुरवायला हीच फुले वापरतात.

कोरांटीचे पिवळे फूल या महिन्यात शेवटचे शेवटचे असते. पानाच्या बेचक्यात लांब काटे असतात, त्यामुळे ती कुंपणाला चांगली. दात दुखला की तिचे पान चावणारे आजोबा आमच्याकडे होते.

दारातल्या शोभेसाठी मात्र बोगनवेलीसारखे झाड नाही. तिचा रंगीत कागदी भाग म्हणजे फूल नव्हेच, ती रंगलेली पाने. तीन-तीनच्या झुबक्यात आत जी बारीक पांढरट नळी दिसते, ते खरे फूल. तिला पाणी जितके कमी तितका बहर अधिक, म्हणजे आपल्या जिल्ह्यासाठीच जणू घडवलेली! शेळीने चार पाने ओरबाडली तरी भय नाही, काटे तेवढे सांभाळा. आमच्या खडकाळ जमिनीत फुले कसली, असे कुणी म्हणेल. पंडित नेहरू १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या किल्ल्यात कैदेत होते, तेव्हा त्यांनी तिथली दगडगोट्यांची जमीन स्वतः खणून फुलांचे वाफे केले होते.

विषबाधेचा संशय आला तर उरलेला पाला लगेच बाजूला काढा. जनावराला चालवू नका, पळवू नका. नळीने किंवा बाटलीने तेल, ताक बळेच ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाते. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा किंवा १९६२ क्रमांकावर फोन करा, आणि डॉक्टर येतील तेव्हा खाल्लेल्या झुडपाची डहाळी हातात ठेवा. नावापेक्षा ती डहाळी अधिक उपयोगी पडते.

कण्हेर असेल ती तोडलीच पाहिजे असे नाही. ती गोठ्यापासून आणि पाण्याच्या हौदापासून दूर असू द्या. छाटणी केली की फांद्या उकिरड्यावर टाकू नका, चुलीत घालू नका, तिचा धूरही वाईट. हातभर खोल खड्डा करून त्याच दिवशी पुरा, पाला सुकायच्या आत.