नारोशंकराची घंटा आणि जुन्या वस्तूंची साक्ष

युरोपांतील जुनें लांकडी सामान, चिनी मातीचीं भांडीं, झुंबरें आणि घड्याळें जमविण्याचा शोक आपल्या देशांत मुख्यत्वें संस्थानिकांनीं व धनिकांनीं केला. हैदराबादच्या सालारजंग घराण्यानें जमविलेल्या वस्तूंचें तेथें स्वतंत्र संग्रहालय झालें आहे; सर रतन व सर दोराब या टाटाबंधूंचे संग्रह मुंबईच्या वस्तुसंग्रहालयास लाभले. हें सर्व द्रव्य वेचून मिळविलेलें. परंतु ज्यांच्यासाठीं कोणीं दिडकीही मोजली नाहीं, अशा युरोपीय वस्तू महाराष्ट्रांतील देवळांत आहेत. नाशकांतील नारोशंकराची घंटा ही त्यांपैकींच एक समजली जाते.

पंचवटीच्या बाजूस, रामकुंडाजवळ, रामेश्वराचें दगडी देवालय आहे. मालेगांवचा किल्ला बांधविणारे पेशव्यांचे सरदार नारो शंकर राजेबहाद्दर यांनीं तें १७४७ सालीं बांधविलें. देव रामेश्वर, पण लोकांच्या तोंडीं नांव मात्र बांधणाराचें! तेथील काशाच्या घंटेवर १७२१ हें वर्ष युरोपीय अंकांत आहे. मे १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली. तेथील चर्चमधून उतरविलेल्या घंटांपैकीं ही एक, अशी परंपरागत समजूत आहे. भीमाशंकरच्या घंटेविषयींही हेंच सांगतात.

येथें घाई उपयोगाची नाहीं. १७२१ हें घंटा ओतल्याचें वर्ष. ती नाशकास कशी आली, तें त्यावरून कळत नाहीं. वसई पडण्यापूर्वीं अठरा वर्षें ती ओतली गेली, म्हणून समजुतीस बाध येत नाहीं, इतकेंच. बाध न येणें निराळें आणि सिद्ध होणें निराळें. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणविसांच्या वाड्यामागें कृष्णेच्या घाटावर, अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हें वर्ष व बाळ येशूसह मेरीची आकृति आहे. ती ख्रिस्ती उपासनेसाठींच घडली, याविषयीं संशय नको. पण नानांचा जन्मच मुळीं १७४२ चा. ती वसईची असेल, तर मधलीं कित्येक वर्षें दुसऱ्या कोणाजवळ असलीच पाहिजे. असे मधले टप्पे दंतकथा बहुधा गाळून टाकते.

म्हणून साक्ष प्रथम वस्तूचीच घ्यावी. युरोपीय ओतारी अक्षरें व अंक साच्यांतच उतरवीत. त्यामुळें ते उठावाचे येतात. छिन्नीनें खोदलेला अंक आंत गेलेला असतो, आणि तो मागाहूनही खोदतां येतो. चर्चमध्यें दोरानें घंटाच झुलवितात. देवळांत ती स्थिर असून आंतला लोलक हलवितात. त्यामुळें टोल वर्षानुवर्षें त्याच ठिकाणीं बसून कांठ झिजतो. सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील या मिश्रणाचा नाद सुरेख, पण धातु ठिसूळ. हातोड्याच्या घावानें तडा जाऊं शकतो. चिंच-राखेनें घासून लखलखीत करण्याची हौस तर अंकांच्या कडाच बोथट करते. स्वच्छतेच्या नांवाखालीं जितका पुरावा नाहींसा होतो, तितका चोरींतही होत नसेल!

घरच्या सामानासही हाच न्याय लावावा. ‘विलायती’ म्हणून दाखविलेली कोरीव खुर्ची शिसवी निघाली, तर ती बहुधा इकडच्याच सुतारांनीं घडविलेली असते. एकोणिसाव्या शतकांत मुंबईची अशी कोरीव खुर्ची परदेशींही जात असे. युरोपांत ओक, अक्रोड, महोगनी यांचा प्रचार अधिक. मेजाचा दर्शनी भाग पाहण्यापेक्षां खण काढून त्याची पाठ पाहावी. तेथें करवतीच्या कमानदार रेघा असल्या, तर ती फळी यांत्रिक चक्री करवतीनें कापलेली; मग विकणारा सतराव्या शतकाच्या कितीही गोष्टी सांगो.

१९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी कलावस्तु पुराणवस्तु ठरते व खासगी व्यक्तीस ती परदेशीं पाठवितां येत नाहीं. नाशकाच्या घंटेस मात्र भय आहे तें नदीचें. १९६९ च्या महापुरांत पाणी तिच्यापर्यंत पोंचल्याचें सांगतात. गोदावरी चढूं लागली म्हणजे लोक आधीं दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. तो बुडाला, कीं मग नजर जाते ती नारोशंकराच्या घंटेकडे.