कमी पैशात सिनेमा करणारी दिग्दर्शिका

सिनेमा म्हटलं की कोटींचा खर्च आणि खुर्चीत बसून हुकूम सोडणारा दिग्दर्शक आपल्या डोळ्यांपुढे येतो. आज आपण आसामच्या रीमा दास यांच्याविषयी बोलू. पैसा थोडा असताना दिग्दर्शकाने काय करायचं असतं, ते त्यांच्या कामातून नीट कळतं.

रीमाताई सिनेमाच्या शाळेत शिकलेल्या नाहीत. कामरूप जिल्ह्यातल्या आपल्या छयगावात त्यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ हा आसामी सिनेमा केला. विधवा आईजवळ राहणाऱ्या धुनूला गिटार हवी आहे, एवढीच गोष्ट. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन सगळं त्यांनी स्वतः केलं. आवाज टिपायला नात्यातली बहीण होती आणि पडद्यावर गावातलीच मुलं. 2018 साली या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठीही तोच पाठवला गेला.

हे जमलं कसं? पहिलं म्हणजे त्यांनी हाताशी असलेल्यातून गोष्ट निवडली. शेत, झाडं, पाऊस, पूर हे सगळं गावातच होतं. दुसरं म्हणजे पैसा कमी होता, तिथे वेळ घातला. काही वर्षं, वेगवेगळ्या ऋतूंत चित्रीकरण चाललं. मुलं कॅमेऱ्यापुढे सहज वावरू लागली, ती त्यामुळेच.

आपल्या गटाची पाच मिनिटांची फिल्म करायची, तरी हेच लागू पडतं. आधी कागदावर दृश्यं लिहा. एका जागेची सगळी दृश्यं एकाच दिवशी उरका. कोणी कोणती साडी नेसली होती, ते टिपून ठेवा. आवाजाकडे जास्त लक्ष द्या. चित्र थोडं अंधुक असलं तर लोक चालवून घेतात, पण बोलणं ऐकू आलं नाही तर उठून जातात. म्हणून गिरणी, पंप, भोंगा बंद असेल ती वेळ धरा.

सगळ्यात मोठी जबाबदारी माणसांची. गटातल्या बाया हौसेनं, पैसे न घेता येतात. पण जिची त्या दिवसाची मजुरी बुडते, तिला ती फिल्म फुकट पडत नाही. तो खर्च आपल्या वहीत दिसत नाही इतकंच. म्हणून खुरपणी-काढणीच्या दिवसांत चित्रीकरण ठेवू नये. जेवण आणि गाडीभाडं आधी बाजूला काढावं. चारला सोडते म्हटलं तर चारलाच सोडावं.

आणखी एक. एखादी कर्जाबद्दल, नवऱ्याच्या दारूबद्दल भरभरून बोलते आणि मग म्हणते, “हे नको दाखवू गं.” ते दृश्य कितीही चांगलं असलं तरी काढून टाकायचं. फिल्म मोबाइलवरून गावभर फिरते, आणि तिला त्याच गावात राहायचं असतं. असं दृश्य सोडून द्यायची जिची तयारी आहे, ती खरी दिग्दर्शिका.

तेव्हा मैत्रिणींनो, “मोबाइल ज्याचा, तो दिग्दर्शक” असं होऊ देऊ नका. पुढच्या बैठकीत बसून ठरवा: सगळ्यांचं ऐकून घेणारी आणि तरीही वेळेवर निर्णय घेणारी आपल्यात कोण आहे? काम तिच्या हाती द्या.