टक्क्यांपलीकडचे मानकरी

निकाल लागले की अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात गुणगौरव सोहळ्यांचा हंगाम सुरू होतो. ज्ञातिसंस्था, पतपेढी, गणेशोत्सव मंडळ, पक्षाची शाखा असे आयोजक बदलतात, कार्यक्रम मात्र तोच राहतो. नाव पुकारायचं, टक्के सांगायचे, गुलाबाचं फूल, सॅक नाहीतर वह्या द्यायच्या, फोटो काढायचा आणि पुढचं नाव घ्यायचं. या कौतुकाने मुलांना हुरूप येतो, यात शंका नाही. पण त्या मुलाला नेमकं काय येतं, हे सभागृहातल्या कुणालाच कळत नाही.

ते कळावं म्हणून मुंबईतल्या शिक्षकांनीच एक वाट काढली. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ ही विज्ञान शिकवणाऱ्यांची संघटना. तिने 1981 साली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेली ही स्पर्धा मराठी माध्यमातूनही देता येते. उपनगरांतल्या शाळांच्या फलकांवर ‘बालवैज्ञानिक’ हा शब्द आज मानाने झळकतो. ही परंपरा वर्गात उभं राहून शिकवणाऱ्यांनी चालू केली आणि चार दशकांहून अधिक काळ टिकवली. शिक्षकांचं कर्तृत्व सांगायचं तर याहून मोठं उदाहरण शोधावं लागेल.

पहिली फेरी लेखी. तिच्यात पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचनही कामी येतं. तिथून पुढे जाणारी मुलं थोडी, आणि स्पर्धेची खरी गंमत त्यांच्याच वाट्याला येते. दुसरी फेरी प्रात्यक्षिकाची. समोर टेबलावर साहित्य मांडलेलं असतं, घड्याळ चालू असतं आणि उत्तर हातांनी शोधायचं असतं. सहावीतल्या किती मुलांनी तोवर परीक्षानळी स्वतः धरलेली असते? अनेक शाळांत प्रयोग शिक्षक करून दाखवतात आणि मुलं बाकावरून पाहतात. या फेरीची तयारी करायची म्हणजे प्रयोगशाळेचं कपाट उघडावंच लागतं. द्रवाची पातळी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायची, भिंगाखालचं पान नीट न्याहाळायचं आणि दिसलं तेवढंच लिहायचं, ही शिस्त फळ्यावरून येत नाही.

त्यानंतर येतं कृतिसंशोधन. दिलेल्या विषयाच्या अंगाने मुलाने आपल्या परिसरात काहीतरी तपासायचं, नोंदी ठेवायच्या, अहवाल लिहायचा आणि मुलाखतीत परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. इथे उपनगरांतल्या मुलांसारखी भाग्यवान मुलं दुसरीकडे क्वचितच असतील. बोरिवली आणि मुलुंड या दोन्ही बाजूंना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल टेकलेलं आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली मिठी नदी वस्त्यांमधून वाहते. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि 1927पासून कचरा पोटात घेणारं देवनारही याच बाजूला आहे. पाणी, हवा, कचरा, झाडं, पक्षी, कोणताही विषय घ्या, प्रयोगशाळा घरापासून रिक्षाच्या अंतरावर असते.

अखेर सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदकं मिळतात. पदकाचं बालपण जपायला मात्र हवं. या स्पर्धेभोवती आता खासगी क्लासही उभे राहिले आहेत. आयता तयार करून दिलेला प्रकल्प आणि मुलाने स्वतः चिखलात उतरून केलेला प्रकल्प यांतला फरक मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडा पडू शकतो, म्हणूनच ती मुलाखत मोलाची. पालकांनी अहवाल लिहून देण्याचा मोह टाळावा. मुलाच्या वेड्यावाकड्या आलेखात जी माहिती असते, ती विकतच्या गुळगुळीत तक्त्यात नसते.

बाकीचे मानसन्मान थोडक्यात. शासकीय शिष्यवृत्ती परीक्षा घरोघरी ठाऊक आहे. शिक्षक दिन 1962पासून 5 सप्टेंबरला साजरा होतो, राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार त्याआधीपासून, 1958पासून आहेत. मुंबई महापालिका आदर्श शिक्षकांना महापौर पुरस्कार देते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राविषयी मात्र थांबून सांगायलाच हवं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र 1974 साली सुरू झालं, तेही नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या खोल्यांत. संस्थापक वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला महापालिका शाळांतली अनुसूचित जातींची मुलं निवडून त्यांच्यासाठी प्रकल्प राबवला. बुद्धी कमी नव्हतीच. पुस्तकाची अवघड भाषा आडवी येत होती आणि हाताला प्रयोग मिळत नव्हता. भाषा सोपी केली, प्रयोग हाती दिले आणि मुलं पुढे सरकली. कुलकर्णी आणि एस. सी. आगरकर यांनी 1985 साली हे अनुभव पुस्तकरूपाने मांडले. आज आंतरराष्ट्रीय विज्ञान ऑलिंपियाडसाठी भारताचे संघ याच केंद्रात तयार होतात, आणि 2025च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी जगभरची मुलं मुंबईत आली होती. पदकांच्या बातम्या छापून येतात, त्या महापालिका शाळांतल्या प्रकल्पाची आठवण सोहळ्यांत कुणी काढत नाही. ती काढायला हवी.

तेव्हा पुढच्या गुणगौरव सोहळ्याची जबाबदारी तुमच्या मंडळावर असेल, तर एवढं जरूर करा. व्यासपीठावर एक टेबल मांडा, एका मुलाला त्याचा प्रयोग पाच मिनिटं करून दाखवू द्या, आणि त्याला तो शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना त्याच्या शेजारी उभं करून त्यांचंही नाव माइकवरून पुकारा.