दोन डोळे, एक नजर

आज आपण एक छोटासाच प्रश्न घेणार आहोत: डोळा हलतो कसा, आणि दोन डोळ्यांची मिळून एकच नजर कशी होते? प्रश्न शरीरशास्त्राचा वाटेल. पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. अनुभवातलं ऐक्य आपल्याला जन्मतःच मिळतं, की ते कमवावं लागतं?

एकोणिसाव्या शतकात यावर दोन जर्मन शास्त्रज्ञांचा वाद झाला. एवाल्ड हेरिंग यांनी १८६८ मध्ये मांडलं की दोन्ही डोळ्यांना नेहमी एकच आणि सारखीच आज्ञा जाते, आणि ही जोडणी उपजत असते. आपल्या भाषेत सांगायचं तर एका जुवाला जुंपलेली बैलजोडी. हेल्महोल्ट्झ यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक डोळा मुळात सुटा आहे, दोघांची संगत सरावाने जमते.

आता नुसता तर्क करून हा वाद सुटणार नाही. मेंदूतली जोडणीच बघावी लागेल.

आपल्या प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात, चार सरळ आणि दोन तिरपे. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी तीन त्यांच्या कामाला आहेत. सहावी चेता फक्त कानाकडच्या बाजूचा स्नायू ओढते, चौथी फक्त वरचा तिरपा स्नायू, आणि उरलेले चार तिसरीकडे. सस्तन प्राण्यांत हा आराखडा बहुतेक सारखाच आहे. ससा, मांजर, गाय यांना डोळा खोबणीत आत ओढून घेणारा आणखी एक स्नायू असतो. माणसात तो उरलेला नाही.

आता समजा, आपण उजवीकडे बघतो. उजव्या डोळ्याचा बाहेरचा स्नायू आखडायला हवा आणि त्याच क्षणी डाव्या डोळ्याचा नाकाकडचा. म्हणजे दोन वेगळे स्नायू, दोन वेगळ्या चेता. हे जमतं कसं? सहाव्या चेतेच्या उजव्या केंद्रात दोन प्रकारच्या पेशी असतात. एका प्रकारच्या पेशींचे तंतू थेट स्नायूकडे जातात. दुसऱ्यांचे तंतू मध्यरेषा ओलांडतात आणि डाव्या बाजूच्या तिसऱ्या केंद्राला तीच आज्ञा पोचवतात. आज्ञा एक, पोच दोन ठिकाणी. इथे हेरिंग यांची बाजू भक्कम दिसते.

पण थांबा. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात तंतूंची ही जुडी कधीकधी निकामी होते. मग उजवीकडे बघताना रुग्णाचा डावा डोळा मधेच अडतो आणि एकाच्या दोन वस्तू दिसतात. त्याच रुग्णाच्या नाकाजवळ बोट आणलं, तर पुष्कळदा तोच डावा डोळा आत वळतो! म्हणजे स्नायू शाबूत आहे, त्याला चालवणारी पेशीही शाबूत आहे. फक्त एका वाटेने येणारा निरोप बंद पडलाय. जवळचं बघण्याचा निरोप दुसऱ्या वाटेने येतो. तेव्हा एकच जू आहे असं म्हणता येत नाही.

आता सशाकडे वळू. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. आपण मान खाली घातली की आपले डोळे खोबणीत वर सरकतात, त्यामुळे समोरचं दृश्य स्थिर राहतं. सशाने मान खाली घातली की त्याचे डोळे वर सरकत नाहीत, आपल्याच नजरेच्या अक्षाभोवती चाकासारखे फिरतात. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दोघांत सारखीच आहे. डोळ्यांची दिशा वेगळी, म्हणून तेच काम वेगळ्या हालचालीने करावं लागतं.

उंदीर तर याहून पुढे जातो. मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांचे डोळे मोजणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. डोकं एका बाजूला कललं की खालच्या बाजूचा डोळा वर बघतो आणि दुसरा खाली. दोन्ही डोळे एकाच बिंदूवर रोखण्याची त्याला गरज नाही, वरचं आकाश सतत नजरेत हवं. घार तिथूनच येते ना!

आपलं आणि माकडांचं तसं नाही. आपल्या दृष्टिपटलावर बारीक दिसण्याची जागा अगदी छोटी असते, म्हणून दोन्ही डोळे एकाच बिंदूवर आणावेच लागतात. तरी १९९८ मध्ये झोऊ आणि किंग यांना माकडाच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, की ज्यांची आज्ञा एका डोळ्याच्या हालचालीशीच जुळते. हेल्महोल्ट्झ यांना आनंद झाला असता.

मग जिंकलं कोण? आमच्या मते प्रश्नाची मांडणीच तोकडी होती. ओलांडून जाणारे तंतू आपल्याला वारशाने मिळतात. त्यांचा मेळ मात्र आयुष्यभर लावत राहावा लागतो. नंबर बदलून नवा चष्मा घेतला की दोन-चार दिवस जमीन हलल्यासारखी वाटते आणि मग वाटेनाशी होते, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. त्या दिवसांत लहान मेंदू डोके आणि डोळे यांचा हिशेब नव्याने जुळवत असतो. वयाच्या सत्तरीतही.

एक जग दिसणं ही आपण देणगी समजतो. खरं तर ते चालू असलेलं काम आहे. ते बिघडलं की मगच आपल्याला कळतं की कुणीतरी ते करत होतं.