साठ पानांचं नशीब

पत्ते म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मे महिन्यातली दुपार, अंथरलेली सतरंजी आणि मधोमध एकच कॅट. ५२ पानं पिसायची, वाटायची आणि हातात येईल ते नशीब म्हणून घ्यायचं. पानं भिकार आली तर पिसणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची.

आता असा खेळ डोळ्यांसमोर आणा, ज्यात प्रत्येकाने आपापला कॅट घरून आणायचा. कोणतं पान घ्यायचं, किती घ्यायची, काय वगळायचं, सगळं ज्याने त्याने ठरवायचं. म्हणजे हातात काय काय येऊ शकतं, ते आपणच आधी लिहून आणलेलं! आणि ही लबाडी नाही. हाच खेळाचा नियम!

ही अफाट कल्पना रिचर्ड गारफील्ड या अमेरिकी गणितज्ञाची. वस्तूंच्या निवडीचं आणि मांडणीचं गणित हा त्याचा विषय. १९९३ साली त्याचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला. दोघं खेळाडू म्हणजे दोन जादूगार. प्रत्येकाचे २० प्राण. समोरच्याचे शून्यावर आणले की जिंकलात.

समजा, तुमचा जोडीदार रोज रात्री जेवणानंतर तुम्हाला या खेळात हरवतो. मेंढीकोटात भिडू आपल्या बाजूने असतो, इथे तोच समोर बसलेला. काय कराल? बहुतेक जण दणदणीत पानं शोधतात आणि कॅटमध्ये कोंबतात. ड्रॅगन, राक्षस, महाजादू. आणि मग पूर्वीपेक्षा जास्त हरतात. असं का?

सुरुवातीला हातात येणाऱ्या सात पानांकडे जवळून बघा. एक जमीन आणि सहा ड्रॅगन. जमीन म्हणजे ‘लँड’चं पान. एका पाळीला एकच जमीन टाकता येते आणि प्रत्येक जमीन दर पाळीला एक ऊर्जा देते. बाकी प्रत्येक पानाला ऊर्जेची किंमत आहे, आणि या ड्रॅगनला सहा लागतात. खिशात दहा रुपये आणि उभे आहात सोनाराच्या दुकानात! हातातली पानं जगात भारी असतील, पण खेळता एकही येत नाही.

मग ६० पानांच्या कॅटमध्ये जमिनी किती हव्यात? २४ घेतल्या तर पहिल्या सात पानांत एक किंवा शून्य जमीन येण्याची शक्यता साधारण सातात एक. आता ड्रॅगनला जागा हवी म्हणून फक्त चार जमिनी काढा. २० उरल्या. फरक किती पडेल? शक्यता थेट चारात एक! चार पानांच्या मोहापायी प्रत्येक चौथा डाव सुरू होतानाच आजारी. जमिनी वाढवतच गेलात तर उलटा आजार होतो: ऊर्जा भरपूर, खेळायला काही नाही. म्हणून बहुतेक कॅट या दोन खड्ड्यांमधल्या अरुंद वाटेने चालतात.

दुसरी गंमत याहून भारी. एका पानाच्या जास्तीत जास्त चार प्रती ठेवता येतात, मूळच्या साध्या जमिनी सोडून. अगदी सुरुवातीला हे बंधन नव्हतं. ‘लायटनिंग बोल्ट’ हे पान एका ऊर्जेत तीन प्राण घेतं. सात बोल्ट टाकले की २१, खेळ खलास! मग कोणी दुसरं काही कशाला भरेल? म्हणून चारची मर्यादा आली आणि किमान ६० पानांची अट आली.

किमान ६०, जास्त चालतात. आवडती पानं काढवत नाहीत म्हणून ८० घेतली तर बिघडलं कुठे? हिशेब करू. ६० पानांत चार बोल्ट असतील तर पहिल्या सातांत निदान एक येण्याची शक्यता ४० टक्के. ८० पानांत ती उरते ३१ टक्के. आणि ६० पानांत चारऐवजी तीनच बोल्ट ठेवले असते तर? साडेएकतीस! म्हणजे वीस पानं वाढवणं आणि आपल्या हाताने एक बोल्ट फाडून टाकणं जवळजवळ सारखंच. चांगल्या चहात कपभर पाणी ओतल्यासारखं. कॅट सुधारण्याची पहिली पायरी भर घालणं नाही, काढणं आहे.

आता घड्याळाकडे बघू. पहिल्या पाळीला तुमच्याकडे एक ऊर्जा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. न वापरलेली ऊर्जा पुढे साठत नाही, वाया जाते. ज्याच्याकडे प्रत्येक पाळीला शोभेलशा किमतीचं पान आहे, तो चार पाळ्यांत १ अधिक २ अधिक ३ अधिक ४, म्हणजे १० ऊर्जा वापरतो. ज्याच्या हातात सगळी चार किंवा त्याहून महागडी पानं आहेत, तो जास्तीत जास्त चार. एकाने दहाची कामं केली, दुसरा अजून मुंडावळ्या बांधतोय!

१९९६ साली ही गोष्ट अटलांटामध्ये सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. पॉल स्लाय नावाचा खेळाडू जय श्नायडरने रचलेला कॅट घेऊन स्पर्धेत उतरला. त्यात ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’ होते. हे इतके भेकड की दोन किंवा जास्त ताकदीच्या शत्रूला अडवतच नाहीत. असली पानं कोण घेतं? पण स्वस्त पानांचा हा ढीग प्रत्येक पाळीची ऊर्जा पुरेपूर वापरत गेला आणि स्लाय दुसरा आला. कोणत्या किमतीची पानं किती, याचा आलेख काढून कॅट रचायची पद्धत तिथून रुजली. भुक्कड पानांचा भारी कॅट!

आणि तुमच्याकडे तर एक जास्तीचा हुकूम आहे. स्पर्धेत समोर कोण येईल ते माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे! जोडीदार लहान लहान प्राण्यांची फौज उतरवतो? ‘रॅथ ऑफ गॉड’ घ्या. चार ऊर्जेत मैदानावरचे सगळे प्राणी साफ, तुमचेही. तो एकही प्राणी न उतरवता नुसत्या जादूवर खेळतो? मग तेच पान निव्वळ रद्दी. पानाचं खरं मोल पानावर छापलेलं नसतं, ते समोर बसलेल्या माणसावर ठरतं.

तरीही हराल. ६० पानं लावण्याच्या पद्धती मोजल्या तर ८२ आकडी संख्या येते. दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजी संख्येलाही ती मागे टाकते! नीट पिसलेला तुमचा कॅट याआधी कधीच तसा लागला नसेल. इतक्या गोंधळात नशिबाला वाव राहणारच. समजा तुमचा कॅट खरोखर सरस आहे, दहातले सहा डाव जिंकणारा. तरी पाच डावांच्या बैठकीत तो जवळजवळ तीनात एकदा हरतो. म्हणून एका वाईट रात्रीनंतर सगळा कॅट उसवू नका. एक-दोन पानं बदला, वीस-पंचवीस डाव खेळा, वहीत टिपून ठेवा, मग ठरवा.

एवढं मात्र लक्षात असू द्या, टेबलापलीकडचा माणूसही गप्प बसणार नाही. तुमचं ‘रॅथ’ दोनदा बघितलं की तिसऱ्या दिवशी त्याचा कॅट बदललेला असेल. मग तुमचा, मग पुन्हा त्याचा.

तेव्हा आज जेवणं झाली की खेळायला बसण्याआधी दहा मिनिटं काढा. पानं जमिनीवर पसरा. जमिनी मोजा, बाकीची पानं किमतीप्रमाणे ओळीत लावा आणि साठाच्या वर जे असेल ते काढा, अगदी लाडका ड्रॅगनसुद्धा.