नाण्यावरील साल

इतिहासाच्या साधनांत नाण्यांना मोठे स्थान आहे. राजाचे नाव, राजचिन्ह, टांकसाळीची खूण आणि साल एवढ्या गोष्टी एका लहानशा चकतीवर कोरलेल्या असतात. म्हणूनच अभ्यासक व हौशी संग्राहक जुनी नाणी आवडीने जमवितात. परंतु जुनी नाणी थोडी आणि ती हवी असणारे पुष्कळ. म्हणून काही टांकसाळी गाजलेली जुनी नाणी सोन्यात पुन्हा पाडतात. अशा वेळी जुने कोणते व नवे कोणते, हे ओळखावयाचे कसे?

नाणे पाडण्यासाठी पोलादाचे दोन ठसे लागतात. ठशावर चित्र उलटे व खोलगट कोरलेले असते. सोन्याची कोरी चकती दोन ठशांमध्ये ठेवून यंत्राने जोराचा दाब दिला, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंवर चित्र उठून दिसते. ठसा शाबूत राहिला, तर कित्येक वर्षांनंतरही त्यापासून तेच नाणे पाडता येते.

भारतात असे प्रत्यक्ष घडले आहे. इ. स. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकाच धर्तीची नाणी सुरू केली. त्यांतील सोन्याच्या मोहरेवर एका बाजूस इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचे मुख, तर दुसऱ्या बाजूस ताडाच्या झाडापुढे उभा असलेला सिंह होता. पुढे अनेक वर्षांनी भारतातील सरकारी टांकसाळींत संग्राहकांसाठी ही नाणी पुन्हा पाडली गेली. त्यांच्यावरही साल मात्र १८३५ हेच उमटले! जुन्या ठशाला गंज लागलेला असला, की त्याचे बारीक खड्डे नाण्यावर उंच ठिपके होऊन दिसतात. अशा खुणांवरून जाणकार नंतरचे नाणे ओळखतात. नवख्या माणसाची मात्र सहज फसगत होते. सोने तेच, चित्र तेच. तरीही १८३५ च्या व्यवहारात ते नाणे कधी नव्हतेच.

याहून निराळी गोष्ट सॉव्हरिन या ब्रिटिश नाण्याची. हे नाणे सुमारे ८ ग्रॅम वजनाचे व २२ कॅरट सोन्याचे असते. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्याचे झाले. सोने जहाजाने लंडनला नेणे आणि त्याची नाणी करून परत आणणे जोखमीचे ठरले. म्हणून १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत लंडनच्या राजटांकसाळीची शाखा उघडण्यात आली. ती सुरू होण्यापूर्वी तेथे सॉव्हरिनच्याच वजनाची, १५ रुपये किंमतीची मोहोर पाडली गेली. त्यानंतर सुमारे १३ लाख सॉव्हरिन तयार झाली. त्यांच्या एका बाजूस राजा पाचवा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूस राक्षसी सर्पाला मारणारा घोडेस्वार संत जॉर्ज आहे. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर इंडिया या नावाचे इंग्रजी आद्याक्षर ‘आय’ बारीक कोरलेले आहे. १९१९ साली ही शाखा बंद झाली.

पुढे २०१३ साली लंडनच्या राजटांकसाळीच्या परवानगीने भारतात पुन्हा सॉव्हरिन पाडली गेली. घोडेस्वार तोच आणि ‘आय’ हे अक्षरही तेच. परंतु राणी एलिझाबेथचे मुख आणि २०१३ हे साल त्यावर स्पष्ट होते. १९१८ साली ते नाणे परक्या सत्तेचे चलन होते. २०१३ साली स्वतंत्र भारतात ते चलन राहिले नव्हते. हौसेने विकत घ्यावयाची ती एक वस्तू होती. हा सारा फरक त्या चार आकड्यांवरून कळतो.

सोन्याची किंमत तराजू सांगतो. पण दुर्मिळ जुन्या नाण्याला सोन्याहून अधिक मोल येते, ते त्याने पाहिलेल्या काळामुळे. तो काळ नव्या ठशाने उमटविता येत नाही. जुन्या नाण्याची आठवण म्हणून नवे नाणे पाडण्यात काहीच गैर नाही. मात्र त्याने आपले खरे साल सांगितले पाहिजे. नाणे हाती आले, म्हणजे त्याच्या चकाकीने भुलून न जाता आधी त्यावरील साल व खूण पाहावी. इतिहासाच्या अभ्यासाचा आरंभ अशाच चौकस दृष्टीने होतो.