तीन तालमधली नऊ घरे

जालन्याहून वेरूळ म्हणजे दिवसभरात जाऊन येण्याजोगे. पण बाराव्या लेण्यात, तीन तालमध्ये, आपण घाईने जिने चढतो आणि खालच्या मजल्यावरची एक कोरीव चौकट तशीच मागे राहते. नऊ घरे, मधल्या घरात बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व. हे मंडल. शोभेची नक्षी म्हणाल तर फसाल! मंडलाच्या साधनेत साधक आधी ते डोळे भरून पाहतो; मग डोळे मिटून एकेक मूर्ती, तिच्या हातातल्या खुणेसकट, मनात उभी करतो. भटकणारे मन असे घराघरांतून फिरत मध्यावर येऊन टेकते. तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचे मंडल रेखतात नि शेवटी पुसून टाकतात. इथे पाथरवटाने ते काळ्या कातळातच कोरले. आत उजेड बेताचा; डोळे सरावेपर्यंत जरा थांबावे लागते.